काठावरचे सर

माझ्या भाऊजींना पोहता येत नाही, ही गोष्ट आमच्या शहरात चौदा वर्षं फक्त तिघांना माहीत होती. एक ते स्वतः, दुसरी माझी ताई आणि तिसरा मी. निदान आमची तरी तशी समजूत होती. आणि ही चौदाही वर्षं भाऊजी रोज संध्याकाळी पाच ते सात शहराच्या तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवत होते. नुसतं शिकवत नव्हते, त्यांची मुलं बाहेरगावच्या स्पर्धांना जाऊन पदकं घेऊन येत होती.

हे ऐकून लोक हसतात. मीही एकदा हसलो होतो. पण ताईसमोर हसलो, आणि पुढचे तीन आठवडे मला त्या घरात चहा मिळाला नाही.

भाऊजींचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. अकरा मजल्यांच्या पोकळीत दोराला लटकून, दातात टॉर्च धरून हा माणूस गाणी गुणगुणायचा. उंचीची भीती नाही, अंधाराची नाही, साहेबाची तर अजिबात नाही. भीती एकच, पाण्याची. सहा वर्षांचे असताना चेंडूच्या मागे धावत ते वीटभट्टीजवळच्या डबक्यात पडले होते. त्यांच्या काकांनी केसाला धरून बाहेर ओढलं. जीव वाचला, पण तेव्हापासून बादलीतलं पाणीसुद्धा ते आधी नीट निरखायचे आणि मगच तांब्या बुडवायचे.

ताई त्यांना भेटली तीसुद्धा लिफ्टमध्येच. ती दवाखान्यात नर्स होती. औषधांची गाडी घेऊन वर निघाली आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट बंद पडली. पाऊण तासाने वरून आवाज आला.

"बाई, घाबरू नका."

"घाबरलंय कोण? माझे दोन पेशंट इंजेक्शनसाठी थांबलेत. तुम्ही गप्पा मारायला आलात की लिफ्ट काढायला?"

"दोन्ही करतो. हात कामात आहेत, तोंड रिकामं आहे."

पुढच्या महिन्यात दवाखान्याची ती लिफ्ट चार वेळा तपासली गेली. इतकी निगा तिची आधी कधी राखली गेली नव्हती. ताईने घरी सांगितलं तेव्हा आमचे बाबा म्हणाले, "लिफ्टवाला? आज वर, उद्या खाली. त्याचा काय भरवसा?"

ताई म्हणाली, "बाबा, अडकलेल्या माणसाला तो बाहेर काढतो. तुमच्या ओळखीत असं काम करणारा दुसरा कोण आहे, सांगा." बाबांना कोणी आठवेना. लग्न झालं.

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. कोणी टोमणा मारला की भाऊजी म्हणायचे, "घरी तरी मला सुट्टी असू दे." दोन खोल्या, स्वयंपाकघरात खिडकीला चिकटवलेलं जेवणाचं टेबल, दाराच्या मागे ताईचा पांढरा कोट आणि त्याच खिळ्यावर भाऊजींचा तेलकट निळा. दोन मुली झाल्या, थोरली आणि धाकटी. ताईच्या पाळ्या बदलत्या, त्यामुळे सकाळचं घर भाऊजींच्या ताब्यात. डबे तेच भरायचे आणि वेण्याही तेच घालायचे. त्या वेण्या म्हणजे लिफ्टचे दोरच. संध्याकाळपर्यंत एक केस हलायचा नाही, फक्त मुलींचे डोळे दिवसभर जरा ताणलेले दिसायचे. आठ वाजता चौघांनी एकत्र जेवायचं, हा त्या घरातला एकमेव कायदा.

धाकटीला दमा होता. सात वर्षांची पोर, एक जिना चढली तरी छातीत घरघर सुरू. डॉक्टर म्हणाले, पोहायला घाला, छाती मोकळी होईल. भाऊजींचा चेहरा उतरला. पण ताईची तेव्हा दुपारची पाळी, न्यायला दुसरं कोणी नाही. शेवटी गेले बिचारे. पहिले आठ दिवस तलावापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब, भिंतीला पाठ टेकून बाकावर बसले. हातात धाकटीचा टॉवेल असा आवळलेला, की तो सुटला तर पोरच बुडेल.

नवव्या दिवशी ते बघायला लागले. आयुष्यभर यंत्रं उघडून बघितलेला माणूस, त्याला नुसतं बसवेना. संध्याकाळी मी घरी गेलो तर वहीत हातापायांची चित्रं काढत बसलेले.

"हा बघ, निळ्या टोपीवाला," मला म्हणाले. "याचा डावा हात उशिरा सुटतो. मग सगळा भार उजवीकडे आणि गडी तिरका चालतो. रुळाला घासणारी लिफ्ट असते ना, तस्सा."

"भाऊजी, मी भूगोल शिकवतो. मला लिफ्टही कळत नाही आणि पोहणंही."

"पोहणं मला तरी कुठे कळतं? पण घासतंय ते दिसतं ना."

तलावावरचे जुने सर दुसऱ्या शहरात गेले आणि दोन महिने नवीन कोणी आलंच नाही. मुलं नुसती डुंबायची. भाऊजी धाकटीला बाकावरून दोन गोष्टी सांगायचे. त्या तिच्या मैत्रिणीने ऐकल्या. मग मैत्रिणीच्या भावाने. महिन्याभरात बाकासमोर ओले पाय घेऊन अकरा मुलं उभी राहायला लागली. तलावाच्या व्यवस्थापकांनी हे पाहिलं.

"तुम्हीच घ्या की संध्याकाळचा वर्ग."

"माझं काम लिफ्टचं हो."

"मग झालं तर. खालच्याला वर आणायचं, दुसरं काय असतं?"

तुम्हाला पोहता येतं का, असं त्यांनी विचारलं नाही. जो माणूस इतकं बारीक सांगतो त्याला येत असणारच, असं सगळे धरून चालले. भाऊजींच्या ओठांवर आलेलं वाक्य तिथेच राहिलं. त्यांनी एकच अट घातली. जीवरक्षक जागेवर उभा राहिल्याशिवाय एकाही मुलाने पाण्यात पाय घालायचा नाही, आणि तो मिनिटभर जरी हलला तरी सगळ्यांनी बाहेर. केवढे शिस्तीचे सर, असं पालक म्हणायचे. ताई आणि मी एकमेकांकडे बघायचो. जीवरक्षकाला मुलं बेडूक म्हणायची. गडी रुंद, बसका आणि बोलायला महाकंजूष.

भाऊजींनी मग अभ्यासच मांडला. पुस्तकं आणली, मोठ्या स्पर्धा टीव्हीवर पुन्हा पुन्हा पाहिल्या आणि प्रत्येक हात स्वतः करून बघितला, जेवणाच्या टेबलावर पालथं पडून. एकदा मी गेलो तर भाऊजी टेबलावर हातपाय मारताहेत, दोन्ही मुली खुर्च्यांवर उभ्या राहून आकडे मोजताहेत आणि ताई भाजी चिरायला जागा शोधतेय.

"अहो, पोटाने टेबल पुसायचंच असेल तर खाली फडकं तरी घ्या," ती म्हणाली.

तलावावरही त्यांची शिकवण्याची रीत हीच. मुलाला आधी लाकडी बाकावर पालथं पाडायचं, हात हातात घेऊन फिरवायचा, चूक कुठे होते ते त्याच्याच खांद्याला कळू द्यायचं आणि मग पाण्यात सोडायचं. ओरडायचे कधी नाहीत. शर्यत संपली की वेळ सांगायच्या आधी विचारायचे, "कसं वाटलं?" पहिल्या आलेल्यालाही तेच आणि शेवटच्यालाही तेच. स्वतः कायम काठावर, म्हणून मुलांनी नाव ठेवलं, काठावरचे सर.

सगळंच गोड होतं असं नाही. थोरलीला पाण्याचं काही वेड नव्हतं, तिला स्क्रू आणि वायरी आवडायच्या. तेरा वर्षांची असताना तिने शाळेच्या प्रदर्शनासाठी मोटरवर चालणारी क्रेन केली. त्याच रविवारी मुलांची स्पर्धा होती. चारपर्यंत येतो, असं सांगून भाऊजी स्पर्धेला गेले आणि स्पर्धा लांबली. ते शाळेत पोचले तेव्हा हॉलला कुलूप लागलं होतं आणि थोरली पायरीवर क्रेनचं खोकं मांडीवर घेऊन बसली होती. रडत नव्हती.

"बाबा, तुम्हाला पोहणारीच मुलं आवडतात का?" एवढंच तिने विचारलं.

हे मला भाऊजींनी स्वतः सांगितलं, पण सांगताना तीनदा थांबले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तलावावर जाहीर केलं की रविवारी सराव नाही आणि रविवारच्या स्पर्धांना मुलांना पालकांनी न्यायचं. पालक कुरकुरले, एकदोघे तर चांगलेच तापले. रविवार हाच तर मोकळा दिवस! भाऊजी म्हणाले, "म्हणूनच." त्या दिवसापासून रविवार थोरलीचा. हत्यारांची पेटी एका बाजूने तिने धरायची, दुसऱ्या बाजूने त्यांनी, आणि बापलेक कुठल्या तरी इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन बसायचे. आज ती लिफ्टची इंजिनिअर आहे. तिच्या हाताखाली आठ माणसं आहेत आणि ती त्यांना रविवारी कामाला बोलवत नाही.

मुलं आली, मोठी झाली, गेली. धाकटीची घरघर थांबली, तिने चार पदकं आणली आणि ती दुसऱ्या शहरात नोकरीला लागली. त्याच सुमाराला एक मुलगी तलावावर होती, पाववाल्याची. नऊ वर्षांची असताना आली आणि पहिल्या दिवसापासून शेवटून पहिली. मुलं तिला कासव म्हणायची. तिला त्याचं काही वाटत नसे. "कासवाला पोहता तरी येतं, सशाला येतं का?" असं ती उलट विचारायची. चार वर्षं ती प्रत्येक शर्यतीत शेवटची आली. शेवटी तिचे वडील पिठाचे हात पुसत तलावावर आले.

"सर, काढून घेतो हिला. उगाच तुमची जागा अडवते."

"मुळीच काढू नका," भाऊजी म्हणाले. "तिला घाई नाही एवढंच. पण ती शिकली ते पक्कं शिकली. नवीन मुलं माझ्याकडे नाही, तिच्याकडे जातात विचारायला. बघा तुम्हीच."

पाववाल्याने पाहिलं. उथळ बाजूला त्याची पोर तीन चिल्ल्यापिल्ल्यांना श्वास कसा सोडायचा ते दाखवत होती. तो मान हलवत परत गेला, आणि पुढची कित्येक वर्षं दर शनिवारी तलावावर ताज्या पावांची टोपली यायची.

भाऊजी चोपन्न वर्षांचे असताना ताईला झटका आला. सकाळी कपाळावरचे केस मागे सारायला हात उचलला आणि तो अर्ध्यात पडला. उजवी बाजू गेली. जीव वाचला, बोलणं महिनाभरात परत आलं, पण हातपाय ऐकेनात. नर्स म्हणून ताई उत्तम होती, पेशंट म्हणून महाभयंकर. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनाच ती चुका दाखवायची. भाऊजींनी संध्याकाळचा वर्ग मोठ्या मुलांवर सोपवला आणि घरी बसले. वेण्या घालायचा जुना सराव कामी आला. ताई आरशात बघून म्हणायची, "अहो, जरा सैल. झटक्यातून वाचले, यातून वाचेन असं वाटत नाही."

तीन महिन्यांनी व्यायामाच्या बाईंनी सांगितलं, "यांना पाण्यात चालवा. पाण्यात शरीराचा भार हलका होतो. पण सतत धरून राहणारं घरचं माणूस पाहिजे, आणि ते माणूस पाण्यात निवांत असलं पाहिजे." मग भाऊजींकडे बघून हसत म्हणाल्या, "तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर सरच."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊजी तलावावर गेले. सोबत मीही होतो, त्यांनीच बोलावलं होतं. चाळीसेक मुलं ओळीत उभी, मागे बाकांवर पालक. भाऊजींनी घसा साफ केला.

"मला एक सांगायचंय. मला पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं. तुम्ही विचारलं नाहीत हे खरं, पण मी सांगायला हवं होतं. ते माझं चुकलं."

मग एका छोट्याने विचारलं, "म्हणजे सर, मी तुमच्यापेक्षा जास्त पोहतो?"

"हो रे. पहिल्या आठवड्यापासून."

ते पोरगं आनंदाने फुललं. पालक मात्र फुलले नाहीत. एक गृहस्थ उठून म्हणाले, "चौदा वर्षं आमच्या डोळ्यांत धूळ फेकलीत. एखादं मूल बुडालं असतं तर तुम्ही काय करणार होता?" भाऊजींनी मान खाली घातली. तेवढ्यात काठावरून बेडूक बोलला. त्याचं इतकं लांब वाक्य त्याआधी कोणी ऐकलं नव्हतं.

"मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. ज्याला पोहता येतं तो काठापासून चार फूट मागे उभा राहत नाही. म्हणून तर चौदा वर्षांत मी या वर्गाला एकदाही पाठ दाखवली नाही."

तरी तीन घरांनी मुलं काढून घेतली. भाऊजींनी राजीनामा लिहून दिला. व्यवस्थापकांनी तो खणात टाकला आणि म्हणाले, "सवडीने वाचतो." पुढे निवृत्त होईपर्यंत त्यांना सवड झाली नाही.

त्याच संध्याकाळी सगळे पांगल्यावर भाऊजी कासवाला म्हणाले, "मला शिकवशील?" ती तेव्हा सतरा वर्षांची होती. मला नवलच वाटलं. पदकं आणणारी मुलं होती, बेडूक होता. वाटेत मी विचारलंही.

"बाकीच्यांना पटकन आलं," भाऊजी म्हणाले. "पटकन आलेल्याला ते कसं आलं हे आठवत नाही. ही एकेक पायरी मोजून चढलीये."

सकाळी सहा वाजता वर्ग सुरू झाला. पहिले चार दिवस भाऊजी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभे. पाचव्या दिवशी गुडघाभर पाण्यात. कासवाने एकदाही घाई केली नाही. चेहरा पाण्यात घालायची वेळ आली तेव्हा मात्र शिडीला धरून भाऊजी हटूनच बसले.

"सर, पाण्याला एकदा तोंड दाखवा. ओळख झाली की ते त्रास देत नाही."

"हे असलं कुठल्या गाढवाने सांगितलंय तुला?"

"तुम्हीच. मी नऊ वर्षांची होते तेव्हा."

बेडूक हसताना त्याच्या उंच खुर्चीवरून पडता पडता राहिला. अकराव्या दिवशी भाऊजींनी डोळे मिटून चेहरा पाण्यात घातला, तीन आकडे होईपर्यंत. बाहेर आले तेव्हा डोळे लाल. पाण्यामुळे, असं ते म्हणाले. दोन महिन्यांनी ते तलावाच्या या टोकाहून त्या टोकाला गेले. कासवाला लागला असता त्याच्या दुप्पट वेळ लागला, आणि काठावर पोचल्यावर तिने विचारलं, "कसं वाटलं?"

मग ताईला पाण्यात उतरवलं. एका बाजूला व्यायामाच्या बाई, दुसऱ्या बाजूला भाऊजी. छातीभर पाण्यात ताईला कवेत धरून ते उभे होते आणि दातावर दात वाजत होते. पाणी तर कोमट होतं. ताईच्या नजरेतून काही सुटत नसे.

"अहो, नक्की कोण कुणाला धरून उभंय?"

"ते नंतर ठरवू. आत्ता पाय उचल."

रोज सकाळी पाऊण तास, चौदा महिने. चुकलेले दिवस बोटांवर मोजण्याइतके. ताई आधी पाण्यात चालली, मग काठी घेऊन घरात, मग तीन मजले उतरून भाजीला. उजवा हात पहिल्यासारखा झाला नाही. कप धरता यायचा, सुई नाही. बटणं भाऊजी लावायचे. तिन्ही घरांतली मुलंसुद्धा या काळात एकेक करून परत आली. त्या रागावलेल्या गृहस्थांनी स्वतः मुलीला आणून सोडलं आणि भाऊजींच्या हातात तिचा टॉवेल दिला.

आता पोहता येतं म्हटल्यावर भाऊजींनी मोठ्या हौसेने पाण्यात उतरून शिकवायला सुरुवात केली. आठवडाभराने मुलांचं शिष्टमंडळ आलं. "सर, आतून तुम्हाला आमच्या चुका दिसत नाहीत. तुम्ही काठावरच बरे होतात." भाऊजी मुकाट्याने वर आले. पण आता काठाला अगदी पाय लावून उभे राहायचे.

सत्तराव्या वर्षी त्यांनी वर्ग कासवाच्या हवाली केला. तोवर तिची स्वतःची दोन मुलं त्याच वर्गात होती. पुढची चार वर्षं भाऊजी आणि ताई सकाळी जोडीने तलावावर जात राहिले. एका सकाळी पोहून आले, शेजाऱ्यांची बिघडलेली बेल दुरुस्त करून दिली, खुर्चीत बसून ताईला म्हणाले, "जरा चहा टाकतेस?" ताईने चहा आणला तेव्हा ते गेले होते.

कासवाचा फोन आला, आज वर्ग बंद ठेवते म्हणून. ताईने तिला तिथल्या तिथे झापलं. "बंद कशाला? यांनी स्वतःच्या तापातसुद्धा वर्ग बंद ठेवला नव्हता. पाचला सुरू कर."

त्यामुळे झालं असं, की सात वाजता वर्ग सुटला आणि सगळी मुलं तशीच ताईच्या घरी आली. तीन मजले, जिना भरून गेला. धाकटी आणि थोरली दारात उभ्या. काही मुलं आत यायला लाजत होती, काही मुसमुसत होती आणि सगळ्यांच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. दिवसभर दगडासारखी बसलेली ताई ते बघून उठली.

"अरे, डोकी तरी पुसायची! सर्दी झाली म्हणजे?" ती म्हणाली आणि मला हाक मारली. "उघड ते कपाट. सगळे टॉवेल काढ."

एकेका मुलाला ती समोर उभं करत होती, डोकं खसाखसा पुसत होती आणि आत पाठवत होती. रडणारं मूलही तेवढ्यापुरतं रडायचं थांबत होतं. मी टॉवेल देत होतो. ते संपले तेव्हा मी चादरी काढल्या.